सहा पाकळ्यांचा हट्ट

या पुस्तकातली सगळी हिमफुलं सहा पाकळ्यांची आहेत. चार किंवा आठ पाकळ्यांची करायला सोपी जातात, हे मला चांगलं ठाऊक आहे. चौकोनी कागद अर्धा दुमडला, पुन्हा अर्धा दुमडला आणि मग तिरपी घडी घातली की झालं. डिसेंबर आला की आपल्याकडच्या शाळांच्या काचांवर आणि मॉलच्या छतांखाली जी पांढरी फुलं डोलू लागतात, त्यांत अशी पुष्कळ असतात. दिसायला ती वाईट नसतात. मात्र ढगातून तसला बर्फ पडत नाही. मुलांकडून बर्फाच्या नावाने काही करून घ्यायचं, तर त्याने बर्फाशी इमान राखावं एवढा माझा हट्ट आहे. तो का, हे सांगता सांगता ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

हट्ट करणारी मी एकटी नाही. जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ थॉमस कूप यांनी २००९ साली नाताळच्या तोंडावर ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत पत्र लिहून अष्टकोनी बर्फाच्या चित्रांबद्दल तक्रार केली होती. दर हिवाळ्यात बर्फ पाहणाऱ्यांची ही तऱ्हा, तर आपल्या शाळांना काय बोल लावायचा? खुद्द हान्स क्रिश्चन अँडरसनने १८४४च्या ‘स्नो क्वीन’ या गोष्टीत भिंगाखालच्या हिमकणाला दहा कोन देऊन टाकले आहेत. अँडरसन डेन्मार्कचा, बर्फ त्याच्या दारातला. शिवाय कात्री चालवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. मुलांना गोष्ट सांगता सांगता तो घडी घातलेला कागद कातरत राहायचा आणि गोष्ट संपली की उघडून दाखवायचा. ती कातरकामं ओडेन्सच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. कागदाकडे इतकं बारीक बघणारा हा माणूस कोटाच्या बाहीवर पडलेल्या बर्फाचे कोन मोजायला विसरला, याची मला अजूनही गंमत वाटते.

मोजले होते ते चिनी लोकांनी, तेही फार पूर्वी. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हान यिंग या विद्वानाने लिहून ठेवलं की झाडांची फुलं बहुधा पाच पाकळ्यांची असतात, बर्फाची मात्र सहा पाकळ्यांची. पण सहाच का, हा प्रश्न धसाला लावला योहान केप्लरने. ग्रहांच्या कक्षा शोधणारा तोच केप्लर. १६११च्या नववर्षाला आपल्या एका आश्रयदात्याला भेट काय द्यावी, या विवंचनेत तो प्रागच्या पुलावरून चालला होता. खिशात फारसं काही नव्हतं. तेवढ्यात बर्फ पडू लागला आणि त्याच्या कोटावर टेकलेला प्रत्येक कण सहा टोकांचा निघाला. त्याने त्यावर एक छोटीशी पुस्तिका लिहिली आणि तीच भेट म्हणून दिली. त्या पुस्तिकेत मधमाश्यांचं पोळं येतं, डाळिंबाचे दाणे येतात, एकावर एक रचलेले गोळे येतात. गोळे सर्वांत दाटीने कसे रचावेत याबद्दल त्याने जाता जाता केलेलं विधान इतकं अवघड निघालं की त्याची सिद्धता १९९८ साली थॉमस हेल्स यांच्या हातून झाली. बर्फाच्या सहा टोकांचं कोडं मात्र केप्लरला सुटलं नाही, आणि तसं त्याने सरळ कबूल करून ते रसायनशास्त्रज्ञांवर सोपवलं.

उत्तर विसाव्या शतकात हाती आलं. पाण्याचा रेणू गोठताना चार शेजाऱ्यांचे हात धरतो, आणि अशा रेणूंची मांडणी सहा-सहांच्या कड्यांमध्ये होते. अगदी सुरुवातीचा, डोळ्यांना न दिसणारा कण त्यामुळेच षट्कोनी चकती होतो. चकतीचे सहा कोपरे हवेत जरा पुढे आलेले, म्हणून वाफ त्यांना आधी भेटते, आणि कोपरे वाढत वाढत पाकळ्या होतात.

इथे आपल्याकडची मुलं एक हमखास प्रश्न विचारतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या मुलांनी तर तो विचारायलाच हवा, कारण आभाळातून पडलेला बर्फ त्यांनी अंगणात वेचलेला असतो. मग गारा गोल का? कारण गार पाण्याच्या थेंबांची बनते. ढगातल्या जोरदार वाऱ्यात ती वरखाली होत राहते, तिच्यावर पाणी गोठत जातं, थरावर थर चढतात. मोठी गार मधोमध कापली तर हे थर दिसतातही. हिमफुलाच्या वाट्याला पाण्याचा थेंब येत नाही. त्याच्यावर हवेतली वाफच थेट बर्फ होऊन बसते, एकेक रेणू आपली जागा शोधून. तेवढी सवड गारेला मिळत नाही. थंडी कडाक्याची पडली की महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी गवतावर दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. त्या पांढऱ्या कणांकडे एखाद्या मुलाला भिंगातून बघू द्यावं. त्याच्या प्रश्नांना मग अंत राहत नाही.

आता ज्याच्यामुळे सगळ्या जगाच्या मनात हिमफुलाचं चित्र पक्कं बसलं, त्या माणसाबद्दल. विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या जेरिको गावचा शेतकरी. जन्म १८६५चा. आई पूर्वाश्रमीची शिक्षिका. तिने त्याला जुना सूक्ष्मदर्शक दिला. मुलाने त्यातून हिमकण बघायला आणि त्यांची चित्रं काढायला सुरुवात केली, पण चित्र पुरं होण्याआधी कण विरघळायचा. शेवटी कॅमेरा आणि सूक्ष्मदर्शक एकत्र जोडून १५ जानेवारी १८८५ या दिवशी त्याने हिमकणाचं पहिलं छायाचित्र घेतलं. पुढची सेहेचाळीस वर्षं दर हिवाळ्यात हेच. काळ्या फळीवर बर्फ झेलायचा, बरा कण दिसला की अलगद उचलून काचेवर ठेवायचा, टर्की पक्ष्याच्या पिसाने हलकेच दाबून बसवायचा, श्वास रोखायचा आणि फोटो घ्यायचा. खोलीत शेकोटी नाही, असून चालणारच नव्हतं. असे पाच हजारांहून अधिक फोटो जमले. त्यांतले चोवीसशेच्या वर फोटो असलेलं पुस्तक १९३१ साली निघालं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूमोनियाने तो गेला.

कातरकाम शिकवणारीला बेंटलीबद्दल सर्वांत जवळची वाटते ती वेगळीच गोष्ट. त्याच्या फोटोंत पार्श्वभूमी गडद काळी दिसते, ती तशी मुळात नसायची. काचेच्या निगेटिव्हची नक्कल करून तो हिमकणाच्या कडेकडेने चाकूच्या टोकाने रसायनाचा थर खरवडून काढायचा. प्रत्येक पाकळीच्या, प्रत्येक काट्याच्या बाजूने हे काम तासन् तास चालायचं. जगातली सर्वांत प्रसिद्ध हिमफुलं अशी हाताने कोरलेली आहेत! त्यावरून त्याने बोलणीही खाल्ली. गुस्ताव हेलमान या जर्मन हवामानशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की बेंटलीने कडांशी खेळ केला आहे, खरे हिमकण इतके नेटके नसतातच. हेलमानचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. ढगातून पडणाऱ्या कणांपैकी बहुतेक वेडेवाकडे, मोडलेले, एकमेकांत अडकलेले असतात. बेंटलीने त्यांतले देखणे तेवढे निवडले. तेव्हा मुलाने कापलेलं फूल खऱ्या बर्फाइतकं सुबक झालं नाही अशी खंत कोणी करत असेल, तर उलट परिस्थिती आहे: घडीच्या कागदाचं फूल बहुतेक खऱ्या हिमकणांपेक्षा जास्त बिनचूक असतं.

हाच नाद बेंटलीच्या पन्नास वर्षं आधी जपानमध्ये एका सरदाराला लागला होता. कोगा या गावचा दाइम्यो दोई तोशित्सुरा. थंड केलेल्या काळ्या कापडावर बर्फ झेलून, डच लोकांकडून आलेल्या सूक्ष्मदर्शकातून बघत त्याने आकृत्या काढल्या आणि १८३२ साली ८६ आकृत्यांचं पुस्तक छापलं. ते विज्ञानाचं पुस्तक लोकांनी नक्षीचं पुस्तक म्हणून उचललं. किमोनोवर, भांड्यांवर, वापरातल्या लहानसहान वस्तूंवर हिमफुलं उमटू लागली. त्याच जपानमध्ये, साप्पोरोला, उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली प्रयोगशाळेत पहिलं हिमफूल तयार केलं, सशाच्या केसाच्या टोकावर. कुठल्या तापमानाला कुठला आकार येतो हे त्यांनी शोधून काढलं. उणे दोन अंशांच्या आसपास साध्या चकत्या, उणे पाचपाशी सुया आणि खांब, उणे पंधरापाशी पिसारा फुललेल्या चांदण्या. या पुस्तकातले नमुने मी याच क्रमाने लावले आहेत. पहिली फुलं उणे दोनची, म्हणजे दोन-तीन काप दिले की संपली. शेवटची उणे पंधराची, त्यांना कात्री बसलेली हवी. सुया मात्र गाळल्या आहेत. कागदाची सुई करून मूल करणार काय?

आता घडीकडे वळू, कारण सगळा हट्ट घडीत आहे. ए-फोर कागदाचा एक कोपरा समोरच्या कडेवर आणून तिरकी घडी घाला आणि उरलेली पट्टी कापून टाका. एकवीस सेंटिमीटरचा चौकोन मिळाला. त्याचा कर्ण दुसऱ्या अख्ख्या ए-फोरच्या लांब कडेवर ठेवून बघायला मुलांना सांगा. दोन्ही सारखेच भरतात, २९.७ सेंटिमीटर. हे बघून सातवी-आठवीतली मुलं चमकतात आणि घरातले सगळे कागद मोजत सुटतात, तेव्हा पाच मिनिटं हातची ठेवावीत. मग चौकोन कर्णावर दुमडला की त्रिकोण झाला. त्याच्या लांब कडेचा मध्य हा फुलाचा मध्य. तिथून उजवी बाजू डावीकडे आणि डावी बाजू उजवीकडे अशी आणायची की तीन सारखे भाग व्हावेत, प्रत्येक साठ अंशांचा. लहान मुलांनी हे नजरेने करावं. दोन्ही कडा एकमेकींवर चपखल बसेपर्यंत सरकवत राहायचं आणि मगच नखाने घडी पक्की करायची. मोठ्यांसाठी कोनमापकाशिवाय साठ अंश काढण्याची रीत पुढे दिली आहे: चौकोनाच्या मधोमध उभी घडी घालायची, आणि खालचा एक कोपरा त्या घडीवर असा टेकवायचा की नवी घडी शेजारच्या कोपऱ्यातून जाईल. तिथे समभुज त्रिकोण दडलेला असतो.

एवढं झाल्यावर शेवटची घडी: साठ अंशांची पाचर मधोमध दुमडून तीस अंशांची करायची. ही घडी हमखास विसरली जाते. विसरली आणि दोन्ही बाजूंना वेगवेगळे काप दिले, की सहाऐवजी तीन हातांचं फूल उघडतं. फेकू नका ते. आकाशातही क्वचित त्रिकोणी हिमकण सापडतात, तेव्हा तेही बर्फाशी इमान राखूनच आहे.

आता बारा पदर हातात आले. छपाईच्या नेहमीच्या कागदाचा एक पदर मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतका जाड, म्हणजे बारा पदर मिळून मिलिमीटरच्या वर. सहा वर्षांच्या मुलाला हे कापणं जड जातं आणि कात्री कागद चावायला लागते. वहीचा कागद पातळ, तो बरा. जुनं वर्तमानपत्र तर फारच बरं, आणि अक्षरांनी भरलेलं हिमफूल मला पांढऱ्यापेक्षा जास्त आवडतं. घोटीव कागदाचा रंग घडीवर तडकतो. पतंगाचा कागद सुरेख कापला जातो, पण पदर एकमेकांवरून सरकतात. कात्री टोकाने चालवू नये, पात्याच्या खोल भागाने कापावं, आणि वळायचं असेल तर कात्री न फिरवता कागद फिरवावा. डावखुऱ्या मुलाच्या हातात नेहमीची कात्री दिली तर तिची पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कापायची रेघ पात्याआड जाते. त्याला “नीट धर” म्हणून दटावण्यात काही अर्थ नाही. डाव्या हाताची कात्री मिळते. शोधावी लागते एवढंच.

पेन्सिलीने आधी नक्षी काढून देऊ नये, असं मी दरवेळी सांगते आणि दरवेळी कोणीतरी आई चोरून रेघा मारून देते. घडी नेमकी असेल तर कात्रीला मोकळं सोडावं. बाकीच्या हस्तकलेत मुलाचा वाकडा काप वाकडाच दिसतो आणि मोठ्यांचे हात शिवशिवू लागतात. इथे तोच वाकडा काप बारा पदरांतून जातो, बारा ठिकाणी तसाच उमटतो आणि नक्षी होऊन बसतो. सुधारायला मोठ्यांना काही उरतच नाही. मोठ्यांनी काळजी एकच घ्यायची: मूल एका दुमडलेल्या कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आरपार कापत गेलं तर फुलाचा मधला भाग सुटून पडेल. तो एकदा पडू द्यावा. पुढच्या वेळी सांगावं लागत नाही.

उघडण्याआधी मात्र जरूर थांबावं आणि विचारावं: आत्ता या कडेला जो त्रिकोण कापलास, तसे किती आकार दिसतील? मुलं बारा म्हणतात, कारण पदर बारा आहेत. उघडल्यावर सहा निघतात, आणि तेही त्रिकोण नसतात, शंकरपाळे असतात. दोन अर्धे जोडून एक झालेला असतो. मग टोक कापलं तर? एकच भोक, मधोमध. आणि बाहेरच्या उघड्या कडेला दिलेला काप? तो बारा वेळा येतो. एक, सहा आणि बारा यांचा हा हिशेब एकदा लक्षात आला की मूल आधी मनात फूल बघतं आणि मग कात्री चालवतं. कपट्यांचा ढीग पायाशी वाढत जातो, केर काढणाऱ्यांचा जीव टांगणीला लागतो, पण ते तोंड वाकडं करण्यासारखं नाही. कपटेही बघण्यासारखे असतात. कुठला कपटा फुलातल्या कुठल्या भोकात बसतो हे शोधायला पाच-सहा वर्षांच्या मुलांना फार आवडतं.

घडी आणि कात्री शिक्षणात आणण्याचं श्रेय फ्रोबेलकडे जातं. १८३७ साली जर्मनीतल्या ब्लँकेनबुर्गला त्याने लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिच्यात कागद दुमडणं आणि कातरणं हे रीतसर उद्योग होते. त्यातली घडी हिंदुस्थानात एका अनपेक्षित माणसाने पुढे नेली. मद्रास इलाख्यातल्या टी. सुंदर राव यांना बालवाडीच्या घडीकामाच्या साधनावरून कल्पना सुचली आणि १८९३ साली त्यांनी कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक मद्रासला छापलं. फेलिक्स क्लाइनसारख्या गणितज्ञाने त्याची दखल घेतली, पुढे त्याची अमेरिकन आवृत्तीही निघाली. वर सांगितलेल्या समभुज त्रिकोणाच्या घडीसारख्या कितीतरी घड्या त्यात आहेत. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला, आणि नंतर कोसबाडला, परिसरातल्या साध्यासुध्या वस्तूंवर बालवाडी उभी करून दाखवली. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी रद्दी आणि काड्यापेट्यांतून विज्ञान शिकवलं. या पुस्तकाला लागणारं सामान त्यांच्या हिशेबाने उधळपट्टीच ठरेल.

तयार झालेली फुलं खिडकीला लावायला चिकटपट्टी वापरू नये, ती काढताना पाकळी फाटते. मैद्याची पातळ खळ बोटाने लावावी, ओल्या फडक्याने ती निघते. आधी एक रात्र जाड पुस्तकात दाबून ठेवावं. इस्त्री मोठ्यांनीच फिरवावी.

शेवटच्या प्रकरणात एक डॅनिश खेळ आहे, तो मला फार प्रिय आहे. ईस्टरच्या आधीच्या आठवड्यांत डेन्मार्कमधली मुलं अशीच घडी घालून, कातरून, जाळीदार कागद तयार करतात, त्यावर दोन-चार ओळींची कविता लिहितात, बर्फातून वर येणारं पहिलं पांढरं फूल सोबत ठेवतात आणि कुणालातरी पाठवून देतात. खाली नाव लिहायचं नसतं. नावातल्या अक्षरांइतकी टिंबं काढायची. पत्र कुणाचं हे ओळखता आलं नाही, तर ज्याला पत्र मिळालं त्याने ईस्टरचं अंडं द्यायचं. टोरंटोत किंवा न्यू जर्सीत वाढणारी आपली मुलं शाळेत हिमफुलं करतातच. त्यांनी असं एखादं इकडच्या आजीला पाठवायला हरकत नाही, आणि इकडच्यांनी तिकडे. अंड्याच्या जागी काय द्यायचं ते आजीला विचारावं लागणार नाही. टिंबांचा घोळ मात्र होणार. ‘प्राजक्ता’ला तीन टिंबं की पाच, यावर एका शिबिरात मुलांची चांगलीच जुंपली होती, आणि ज्यांचं नाव ‘ओम’ होतं ते आपण लगेच ओळखले जाऊ म्हणून रुसून बसले होते. हा निकाल मी पुस्तकात दिलेला नाही. पाठवणाऱ्याने जे मोजलं ते खरं.